सव्वासातचा आकडा

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, गुडघे परवानगी देतील तेवढं वाकून, नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला तब्येत विचारायची पद्धत असते, पण आपल्यात ती मोडीत निघाली आहे. तुझी तब्येत मला रोज सकाळी सव्वासातला मोबाईलवर कळते आणि माझी तुला. आज तुझा आकडा एकशे बावीस-अठ्ठ्याहत्तर आला, शेजारी हिरवा गोल आणि गोलात हसरा चेहरा. (तो चेहरा कोणी काढला कोण जाणे. साठी उलटलेल्या बाईकडे बघून सकाळी सव्वासातला इतकं कोणी हसत नसतं.) गेल्या वर्षी तू न्हाणीघरात चक्कर येऊन पडलीस आणि दीड तास तशीच पडून होतीस, तेव्हा आपण ठरवलं की रोज रक्तदाब मोजायचा आणि एकमेकांना कळवायचा. आईबाबा गेले, आता आपण दोघंच उरलो, आणि दोघांच्या मध्ये बारा तासांचा प्रवास. तो हिरवा गोल दिसल्याशिवाय मी चहाचा कप तोंडाला लावत नाही. तुझी भावजय म्हणते की या माणसाला बायकोने हाक मारलेली ऐकू येत नाही, पण ताईचा मोबाईल खाकरला तरी ऐकू येतो.

तू म्हणशील, मग पत्र कशाला, फोन का नाही केलास? ताई, फोनवर तू मला दुसरं वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि मला जे सांगायचंय ते साधारण शंभराव्या वाक्यात आहे. शिवाय आपले फोनवरचे संबंध अजून जरा ताणलेले आहेत, हे मला ठाऊक आहे. चार महिन्यांपूर्वी एक दिवस तुझा एकशे एकसष्ट आला, लाल गोल आला, मी अकरा मिनिटांत सात फोन केले, तू उचलला नाहीस, म्हणून मी तुझ्या शेजारच्या निवृत्त फौजदारांना फोन केला आणि त्यांनी जुन्या सवयीने दाराची कडी मोडली. तू आत केस धूत होतीस. पुढचं तू मला जे ऐकवलंस ते इथे लिहीत नाही, कागद जळेल. कडीचे पैसे पाठवतो म्हणालो तेही चुकलंच. असो, त्याकडे पुन्हा येतोच.

तर झालं असं की मला शाळेत घातलं. सत्तावन्नाव्या वर्षी. आरोग्य खात्याच्या आकडेवारी विभागात मी एकतीस वर्षं बसलोय हे तुला माहीतच आहे. (बसलोय हाच शब्द बरोबर आहे. उठायची वेळ फार थोडी आली.) आमच्या खात्याने दोन वर्षांपूर्वी हजारो घरांत रक्तदाबाची यंत्रं वाटली. आपण वापरतो तसलंच अॅप. माणसाने सकाळी दंडाला पट्टा बांधायचा, यंत्रावरचा आकडा मोबाईलवर हाताने टाकायचा, तो आमच्या परिचारिकेला दिसतो, ती त्यावरून गोळी कमीजास्त करते. ऑफिसात भिंतीवर भलामोठा पडदा लावलाय, त्यावर सगळी माणसं ठिपक्यांसारखी दिसतात. एक्क्याऐंशी टक्के ठिपके हिरवे! मोठ्या साहेबांनी त्या पडद्यासमोर उभं राहून फोटोही काढून घेतला. मग कोणीतरी सहज विचारलं की एवढं सगळं हिरवं आहे, तर इस्पितळात पक्षाघाताच्या खाटा आहेत तेवढ्याच भरलेल्या कशा? साहेबांना उत्तर येईना. मोठ्या माणसांना उत्तर आलं नाही की ती लहान माणसाला प्रशिक्षणाला पाठवतात. आठ आठवड्यांचा वर्ग होता, विषय ‘डिजिटल आरोग्याचा गुणात्मक अभ्यास’. माझी निवड झाली, कारण मी चौदा महिन्यांत निवृत्त होणार आणि माझ्यावाचून काम अडत नाही हे तोवर सर्वांच्या लक्षात आलं होतं.

वर्गात आम्ही अकरा जण. दहा जण विशी-पंचविशीतले आणि अकरावा मी, म्हणजे मुलांना शाळेत सोडायला आलेला पालक चुकून आत बसावा तसा. मास्तरीणबाई एकतीस वर्षांच्या, म्हणजे मी नोकरीला लागलो त्या वर्षी त्या जगाला लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की आपण लोकांवर अभ्यास करायचा नाही, लोकांबरोबर करायचा. त्यांच्या घरी जायचं, बसायचं, बघायचं, ऐकायचं, हाताला काम दिलं तर करायचं. रोज वही लिहायची, आणि वहीत काय दिसलं एवढंच नाही तर आपल्याला काय वाटलं तेही लिहायचं. शेवटी जे लिहिलंय ते त्याच माणसाला वाचून दाखवायचं, आणि त्याने चूक म्हटलं तर ते ऐकायचं. मी हात वर करून विचारलं, नमुना किती जणांचा? त्या म्हणाल्या, तुमच्यासाठी एक घर. ताई, एक! एकतीस वर्षं मी हजाराच्या खालच्या आकड्याला चहा विचारलेला नाही. पहिल्या दिवशीच्या वहीत ‘काय वाटलं’ या रकान्यात मी लिहिलं, ‘काही नाही.’ बाईंनी त्याला लाल पेनाने गोल केला आणि बाजूला लिहिलं, ‘खरंच?’

मला मिळालेलं घर होतं पडद्यावरच्या दोनशे बारा नंबरच्या ठिपक्याचं. तो ठिपका म्हणजे एक शिंपीणकाकू निघाली. तुझ्याच वयाची, तुझ्यासारखीच एकटी राहणारी, आणि तुझ्यासारखीच मला बघताक्षणी ओळखणारी. एकच खोली. खिडकीशी शिलाईयंत्र, गळ्यात टेप, खिळ्याला अडकवलेले, कापड बेतायचे खाकी कागद, आणि इस्त्रीच्या टेबलावर, दुमडलेल्या टॉवेलखाली, आमच्या खात्याचं रक्तदाबाचं यंत्र. मी चौसष्ट प्रश्नांची छापील प्रश्नावली घेऊन गेलो होतो. (बाईंनी नको म्हटलं होतं. पण रिकाम्या हाताने कोणाकडे जाऊ नये अशी आईची शिकवण.) पहिला प्रश्न विचारायला बसलो तर शिंपीणकाकू म्हणाली, “उठा. गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या कोटावर बसलात.”

परवानगीच्या कागदावर तिची सही घेऊन मी बोलणं मोबाईलवर टिपून घेतलं आणि घरी येऊन शब्द न् शब्द उतरवायला बसलो, तसा नियमच आहे. एकूण बोलणं सत्तेचाळीस मिनिटांचं. त्यात एक्केचाळीस मिनिटं मी. यंत्र वापरायला अवघड जातं का, या प्रश्नाचं उत्तर तिने दिलं नाही, कारण मी तिला माझ्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेची हकीकत सांगत होतो. तीन संध्याकाळी मी कानाला मोबाईल लावून माझंच बोलणं टाईप केलं. तिने तोंड उघडलं की मी मध्ये तोंड घालायचो, वाक्य तिचं आणि शेवट माझा. ताई, सत्तावन्न वर्षं तू हे कसं सोसलंस? मला पहिल्यांदाच कळलं की तू मला फोनवर दुसरं वाक्य का पुरं करू देत नाहीस.

बाईंनी तो उतारा वाचला आणि रागावल्या नाहीत. (रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.) त्यांनी एवढंच सांगितलं की समोरच्याचं बोलून झालं असं वाटलं की मनातल्या मनात आठपर्यंत मोजा, मगच तोंड उघडा. मोजायला सांगितल्यावर मी खूश झालो, ते मला येतं. शिंपीणकाकूने माझ्यावर वेगळाच इलाज केला. दुसऱ्या खेपेला तिने प्रश्नावली काढून घेतली, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गिऱ्हाइकांची मापं लिहायला लागली, आणि माझ्या हातात एक जुना कोट आणि ब्लेड देऊन उसवायला बसवलं. उसवताना बोलता येत नाही, बोललं की कापड कापलं जातं. (एकदा कापलं गेलंही. ती बाही आता किंचित आखूड आहे आणि गिऱ्हाइकाला ‘सध्या अशीच चालते’ असं सांगण्यात आलं आहे.)

तिसऱ्या खेपेला सकाळी गेलो. मी कोपऱ्यात उसवत होतो. तिने टॉवेल बाजूला केला, दंडाला पट्टा बांधला, यंत्र घुरघुरलं. मला बसल्या जागेवरून स्पष्ट दिसलं, एकशे सत्तावन्न-शहाण्णव. तिने खडू घेतला आणि खिळ्याच्या खाकी कागदावर, कोणाच्या तरी छाती-कमरेच्या मापांखाली, तो आकडा नीट लिहिला. मग मोबाईल घेतला आणि त्यात टाकला एकशे सव्वीस-ऐंशी. हिरवा गोल आला, हसरा चेहरा आला. माझ्या देखत, ताई! खात्याच्या माणसाच्या देखत! माझ्या तोंडापर्यंत आलं होतं की अहो बाई, हे काय करताय, पण मी दात आवळून मोजत राहिलो. आठ झाले, नऊ झाले. चौदाव्याला तीच बोलली.

म्हणाली, “गिऱ्हाइकाला कंबर बत्तीस सांगायची आणि कापड छत्तीसवर कापायचं. बत्तीस ऐकून बाई खुशीत घरी जाते, आणि छत्तीसवर कापल्यामुळे कपडा अंगाला बसतो. मोबाईलला मी बत्तीस सांगते.”

मग हळूहळू, टाके घालता घालता, सगळं सांगितलं. तिची मुलगी एका कारखान्यात माल भरायच्या रांगेत उभी असते. आकडा लाल झाला की आपोआप मुलीचा मोबाईल वाजतो, तशी आमच्या खात्याने सोय केली आहे. (त्या सोयीच्या कागदावर माझीही सही आहे.) मुलगी दोनदा काम टाकून धावत आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा शिंपीणकाकूचं इतकंच झालं होतं की जिने चढून आल्या आल्या तिने पट्टा बांधला होता. मुलीला मुकादमाने बोल लावला, मुलगी इथे येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, आणि त्या दिवसापासून घरात लाल रंग बंद. शिंपीणकाकूचं म्हणणं, यंत्र माझा दाब मोजतं आणि तो लाल दिवा लेकीचा वाढवतो. खरं काय ते कागदावर आहे, कोणी विचारलं असतं तर दाखवलं असतं. मी मनातल्या मनात माझे चौसष्ट प्रश्न आठवले. त्यांत हा प्रश्न नव्हता.

त्या दिवशी वहीत ‘काय वाटलं’ या रकान्यात मी दीड पान लिहिलं. एकीकडे वाटत होतं की नोंद दोनशे बारा खोटी म्हणून कळवावी, ते माझं कामच आहे; परिचारिका त्या खोट्या आकड्यावर गोळी ठरवतेय आणि एक दिवस ही बाई कापड कापता कापता कोसळेल. दुसरीकडे वाटत होतं की तिने मला विश्वासाने कोटावरून उठवून खुर्चीवर बसवलं, आणि मी जाऊन चहाडी करू? मास्तरीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, मला काय विचारता, त्यांना विचारा. म्हणून मी चौथ्या खेपेला माझं लिखाण तिला वाचून दाखवलं. ‘रुग्ण खोटी माहिती भरते’ या वाक्याला तिने हात वर केला. रुग्ण म्हणू नका आणि खोटी म्हणू नका, म्हणाली. आई लेकीसाठी माहिती भरते, असं लिहा. मी खोडून तसं लिहिलं. मग मीही मला वाटलेली भीती वाचून दाखवली, कोसळण्याची. ती शिलाईयंत्राचं चाक नुसतंच फिरवत बसली. शेवटी तिने एक अट घातली. लाल दिवा आधी परिचारिकेला दिसू दे, मुलीला काय सांगायचं आणि कधी ते मी सांगेन. एवढं करा, मग खरं माप टाकते.

एवढं करायला आमच्या खात्यात तीन सह्या लागल्या. साहेब पहिल्यांदा हसले, एका बाईवरून नियम बदलायचा का म्हणाले. तेव्हा मात्र माझी एकतीस वर्षं कामाला आली. यंत्र खरं मोजतं तेव्हा आकड्याचा शेवट काहीही असतो, एक, सात, नऊ, ज्याचं जसं नशीब. माणूस मनाने आकडा टाकतो तेव्हा तो नीटनेटका टाकतो, एकशे वीस, एकशे चोवीस, ऐंशी. विषम आकडा मनाला टोचतो. मी पडद्यामागच्या सगळ्या नोंदींचे शेवटचे अंक मोजले आणि कागद साहेबांपुढे ठेवला. दर दहा हिरव्या घरांतल्या चार घरी शिंपीणकाकू बसलेली होती. साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. मी मनातल्या मनात मोजत राहिलो. सहाव्याला ते म्हणाले की त्यांच्या आईचे आकडे ते स्वतःच टाकतात, ऑफिसातून, न विचारता. मग त्यांनी सही केली.

शिंपीणकाकूची गोळी वाढली. परवा तिचा आकडा आला एकशे एकोणचाळीस-सत्त्याऐंशी, खाकी कागदावरही तोच आणि पडद्यावरही तोच. ठिपका पिवळा आहे, हिरवा नाही, पण तो बघून मला जो आनंद झाला तो एक्क्याऐंशी टक्क्यांनी कधी झाला नव्हता. माझा वर्ग संपत आला. बाईंनी वहीवर शेरा दिला, ‘ऐकायला लागलात.’ मी तो तुझ्या भावजयीला दाखवला, तिने चष्मा लावून वाचला आणि विचारलं, घरी कधीपासून?

बाकी इकडे सर्व ठीक. औषधं वेळेवर घे, जिन्यातला दिवा बदलून घे, फौजदारांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
ढब्बू

ता. क. – पत्राचं मुख्य काम राहिलंच. मी पुढच्या शनिवारी तुझ्याकडे येतोय, चार दिवस. वर्गासाठी आणखी एक घर बघायचंय असं सांगून मी रजा घेतली आहे, पण वर्गाला दुसरं घर लागत नाही. प्रश्नावली आणणार नाही. उसवायला काही असेल तर काढून ठेव.

ता. क. २ – काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. साहेबांसाठी अंक मोजले होते तसेच काल संध्याकाळी सहज म्हणून मी तुझे आकडे काढले. फौजदारांनी कडी मोडली त्या दिवसापासून कालपर्यंत एकशे तेरा दिवस. एकशे तेरा दिवसांत एकही विषम आकडा नाही, ताई. शेवटचा विषम म्हणजे तोच एकशे एकसष्ट. मी तुला दोष देत नाही, लाल रंग तुझ्या घरात मीच बंद करून टाकला. पण तुझाही एखादा खाकी कागद असेलच. कॅलेंडरच्या मागे असेल, किंवा शाळेच्या जुन्या वहीत. आयुष्यभर मुलांना गणित शिकवलेली बाई खरं उत्तर कुठेच लिहून ठेवणार नाही, हे मी मानणार नाही. तो कागद मला दाखव. मी काही बोलणार नाही. मला भीती वाटते आहे, एवढंच आधी सांगून ठेवतो.

ता. क. ३ – तुझे आकडे बघताना खालच्या ओळीत माझे होते. तेही मोजले. तिथेही एक विषम नाही. माझ्या यंत्राचे सेल मार्च महिन्यातच संपले आणि मी ते आजपर्यंत घातले नव्हते, कारण तुझ्या एकशे एकसष्टच्या आदल्याच आठवड्यात माझा जो आला होता तो मला पुन्हा बघायचा नव्हता. इतके दिवस तू जे हिरवे गोल बघून चहा घेतलास ते सगळे मी मनाने काढलेले आहेत. आज सकाळी नवे सेल घातले, पाच मिनिटं शांत बसलो आणि मोजलं. उद्या डॉक्टरांकडे जातोय, वेळ घेतली आहे, तुझ्या भावजयीला आज रात्रीच्या जेवणानंतर सांगतो. सव्वासातला मोबाईलवर तुला एकशे चोवीस-ऐंशी गेलाय, तो तुझ्या चहासाठी होता. खरा एकशे त्रेसष्ट-एकशे एक आहे. तो तुझ्यासाठी.